शेतकरी कोणाला म्हणायचे? भैयालाल भोतमांगे यांच्या निमित्ताने

मुंबईच्या पश्चिम उपनगरात, मालाडच्या खाडीपलीकडे मढ आहे. एका बाजूला कोळ्यांनी वाळत घातलेली मासळी, दुसऱ्या बाजूला चित्रीकरणासाठी भाड्याने जाणारे बंगले आणि मोकळ्या जागेत उभे राहणारे सेट. अशाच एका सेटवर काही वर्षांपूर्वी मी एक मराठी गाव पाहिले. प्लायवूडचा वाडा होता, पार होता, विहीर होती, देवळाचा कळस होता आणि शेतकऱ्याचे घर म्हणून शेणाने सारवलेले एक अंगणही होते. सेट उभारणाऱ्या कारागिराला मी सहज विचारले, "गावाबाहेरची वस्ती कुठे?" तो हातातले काम न थांबवता म्हणाला, "ती कथेत नाही."

त्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने मराठी कथेचा आराखडा प्रामाणिकपणे उभा केला होता. शेतकरी म्हटला की वाडा, पार, देऊळ. दलित म्हटला की वस्ती, हाल, मोर्चा. दोन वेगळ्या कथा, दोन वेगळे सेट. ही विभागणी केवळ सिनेमाची नाही. ती आपल्या साहित्याची आहे, वर्तमानपत्रांची आहे, न्यायालयांची आहे आणि काही अंशी आपल्या विद्रोही साहित्याचीही आहे. या विभागणीने एका माणसाचे जगणे आणि मरणे कसे झाकून टाकले, ते येथे पाहायचे आहे.

तो माणूस म्हणजे भैयालाल भोतमांगे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी नावाचे गाव आहे. बहुसंख्य वस्ती कुणबी आणि कलार या ओबीसी जातींची. दलितांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भोतमांगे कुटुंब बाहेरून येऊन या गावात राहू लागले. जवळपास पाच एकर जमीन होती. भैयालाल आणि सुरेखाबाई यांनी ती कसली, तिच्यावर घर मांडले आणि सुधीर, रोशन व प्रियंका या तीन मुलांना शिकवले. घर कच्चेच राहिले. या कुटुंबाला पक्के घर बांधू दिले गेले नाही, असे घटनेचा शोध घेणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे शेत होते, पेरणी होती, कापणी होती. पण गावाच्या हिशेबात घर नव्हते. जमिनीवर राबायला हरकत नव्हती. त्या जमिनीवर बूड टेकायला हरकत होती.

पुढचे सर्वांना माहीत आहे, तरी क्रम ध्यानात घेतला पाहिजे. शेतातून रस्ता नेण्यावरून गावातल्या काहींशी वाद होता. या कुटुंबाच्या बाजूने उभे राहणाऱ्या, शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला सप्टेंबर २००६ च्या आरंभी मारहाण झाली. सुरेखाबाई आणि प्रियंका यांनी मारेकऱ्यांची नावे पोलिसांना सांगितली. २९ सप्टेंबर २००६ रोजी आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमावाने सुरेखाबाई, सुधीर, रोशन आणि प्रियंका यांना ठार मारले. भैयालाल त्या वेळी शेतात होते, म्हणून वाचले. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, धर्मांतराच्या सुवर्णमहोत्सवासाठी नागपुरात लाखो लोक जमले. खैरलांजीची खरी बातमी महाराष्ट्रभर पोहोचायला मात्र आणखी काही आठवडे लागले. त्याआधी पोहोचली ती चारित्र्याविषयीची कुजबुज.

आता २००६ हे साल आठवा. त्या साली 'विदर्भाचा शेतकरी' हा शब्द प्रत्येक अग्रलेखात होता. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळत होती आणि त्यासाठी मेलेला माणूस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवणाऱ्या समित्या बसत होत्या. तेव्हा सारा महाराष्ट्र शेतकऱ्याच्या मरणाचे दुःख करीत होता. त्याच विदर्भात, त्याच साली, शेतातल्या रस्त्याच्या वादातून एक शेतकरी कुटुंब संपवले गेले. तरी त्या मरणांना कोणी शेतकऱ्याचे मरण म्हटले नाही. भंडारा त्या सहा जिल्ह्यांत नव्हता आणि ही आत्महत्या नव्हती, हे खरे. पण प्रश्न पॅकेजचा नाही, शब्दाचा आहे. 'विदर्भाचा शेतकरी' म्हणताना वाचकाच्या डोळ्यांपुढे जो चेहरा उभा राहत होता, तो भैयालाल यांचा नव्हता.

का नव्हता? याचे उत्तर शोधण्यासाठी साहित्याकडे वळावे लागते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांचा शेतकरी मुख्यतः कुणबी, माळी, धनगर असा आहे. परंतु फुल्यांच्या एकंदर विचारात शूद्र आणि अतिशूद्र एकाच गुलामीचे दोन हिस्सेदार आहेत. पुढच्या मराठी साहित्याने यातला पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. ग्रामीण साहित्य म्हणून जे नावारूपाला आले, त्याने मातीशी झुंजणारा माणूस मोठ्या ताकदीने रंगवला हे मान्य केले पाहिजे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मधला नारबा मालकाच्या मळ्यावरचा गडी. तरीही वाचक त्याला शेतीचा माणूस म्हणून जवळ करतो. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने विदर्भातल्या शेतकरी घराची पडझड दाखवली. परंतु दलित माणूस अशा साहित्यात बहुधा शेताच्या कडेला उभा असतो. तो मोट ओढायला येतो, लाकूड फोडायला येतो, सुगीला पदर पसरायला येतो. तो स्वतःच्या धुऱ्यावर उभा आहे असे चित्र फार क्वचित दिसते.

आणि आपले साहित्य? येथे आत्मपरीक्षण करणे भाग आहे. 'बलुतं' (१९७८) या एका शब्दाने दया पवारांनी गावगाड्याचे सारे शोषण मुठीत पकडले. पण त्या शब्दातच आपली जागा ठरून गेली आहे: शेत दुसऱ्याचे, वाटा आपला. हे ऐतिहासिक सत्य होते, म्हणून ते लिहिणे आवश्यकच होते. मात्र त्याच इतिहासात हाडकी-हाडोळ्याची जमीनही होती. वतनाच्या बदल्यात साऱ्या गावाची वेठ करून घेणारी ती जमीन होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते महाराला या वेठीतून सोडवून जमिनीचा मोकळा धनी करण्यासाठी. शहरात आलेल्या आपल्या पहिल्या लेखकांनी झोपडपट्टी, गिरणी, वसतिगृह लिहिले. गावाकडचा हाडोळा मात्र आठवणीत राहिला, कथेत फारसा आला नाही.

बाबासाहेबांच्या विचारात शेतकरी आणि दलित हे दोन सेट कधीच नव्हते. १९१८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणच्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात महार होते, तसेच कुणबीही होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये पडीक सरकारी जमिनीवर अशी गावे वसवण्याची योजनाच त्यांनी मांडली. या योजनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. केवळ जमिनीचा तुकडा मिळाला तर पुरेसे नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. जमीन सवर्णांच्या गावात असेल तर तिच्यावरची वाट, तिला येणारे पाणी आणि तिच्यावरचे घर या सगळ्यांवर गावाची सत्ता चालते. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवावर जो प्रहार केला, त्याच्या मागे हाच अनुभव होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी हीच मागणी रस्त्यावर आणली.

खैरलांजी या योजनेच्या अपुरेपणाची किंमत आहे. भोतमांगे कुटुंबाकडे जमीन होती; ज्या गोष्टीसाठी हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले, ती त्यांच्याकडे होती. नेमकी तीच गावाला सलली. भूमिहीन दलित मजूर गावाला हवा असतो. कर्ज नाकारणारा, पोरीला शाळेत पाठवणारा, साक्ष द्यायला पोलीस ठाण्यात जाणारा दलित शेतकरी गावाला नको असतो. सुरेखाबाईंच्या शेतातून रस्ता मागणाऱ्यांना केवळ रस्ता हवा होता असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यांना त्या धुऱ्यावर आपली सत्ता हवी होती.

न्यायालयाने मात्र हे वेगळे केले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. दोन्ही ठिकाणी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. हे कृत्य सूडाचे, जातीचे नव्हे, असा निष्कर्ष निघाला. या निष्कर्षाचे मूळ आपण आधी पाहिलेल्या विभागणीतच आहे. भांडण शेताचे असेल तर ते जातीचे नाही आणि जातीचे असेल तर ते शेताचे नाही, असे जणू गृहीतच धरले आहे! आपल्या देशात जमीन कोणाच्या नावे असावी, हे जातीनेच ठरवले आहे. अशा देशात जमिनीचा सूड जातीबाहेर उभा राहणार कोठे?

या निष्कर्षाविरुद्ध आपण मोर्चे काढले, लेख लिहिले, कविता लिहिल्या. ते आवश्यकच होते. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात या हत्याकांडामागचे शेतीचे आणि सत्तेचे अर्थकारण उलगडले, हा मोठा अपवाद. पण आपल्या बहुतेक कवितांत काय आले? मायलेकींचे विटंबलेले देह, रक्ताळलेला कालवा, पेटलेला सूर्य. सुरेखाबाईंचे शेत आले नाही. सप्टेंबरच्या शेवटी भंडाऱ्याच्या बांध्यांत धान निसवायला लागतो. जुलैत चिखलात वाकून ज्या बाईने रोवणी केली असेल, तिच्या पिकाचे पुढे काय झाले, ते कोणी कापले, असा प्रश्न मी कोठे वाचला नाही. तिच्या देहाचे वर्णन करताना आपण तिच्या हातातला विळा काढून घेतला. मारेकऱ्यांनी तिचे शेतकरीपण नाकारले. आपण ते पाहिलेच नाही. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मी जाणतो. पण दुसरी सुधारणे आपल्या हातात आहे.

भैयालाल त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगले. शासनाने त्यांना भंडाऱ्यात वसतिगृहावर चतुर्थ श्रेणीची नोकरी दिली आणि पोलीस संरक्षण दिले. पाच एकरांचा धनी वसतिगृहाचा नोकर झाला. याला पुनर्वसन म्हणतात. ज्या शेतात असल्यामुळे ते वाचले, त्या शेतात ते पुन्हा कसणारा म्हणून उभे राहू शकतील, अशी हमी या व्यवस्थेला देता आली नाही. दरवर्षी २९ सप्टेंबर जवळ आला की त्यांना व्यासपीठावर बसवले जाई, हार घातला जाई, तीच हकीकत पुन्हा विचारली जाई. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. बातम्यांत 'खैरलांजी हत्याकांडातील एकमेव साक्षीदार गेला' अशा अर्थाचे मथळे होते. 'शेतकरी गेला' असे कोणी म्हटले नाही. म्हणावे कसे? तो त्या कथेतच नव्हता.

तेव्हा या लेखाची मागणी साधी आहे. विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी 'शेतकरी' हा शब्द दुसऱ्यांच्या स्वाधीन करणे थांबवावे. गायरानावर नांगर धरणारा, हाडोळ्याचा वारस, बाहेरगावाहून येऊन पाच एकरांवर घर मांडणारा, हे सगळे शेतकरी आहेत. त्यांच्या आत्मकथनात पेरणीची तारीख यावी, बियाण्याचा भाव यावा, पाण्याची पाळी कोणी अडवली त्याचे नाव यावे. दलित आणि शेतकरी हे दोन सेट आहेत असे सांगणाऱ्या प्रत्येक कथेला, निकालाला आणि अग्रलेखाला आपण एकच प्रश्न विचारावा: त्या धुऱ्यावर कोण उभे होते?

मढच्या त्या सेटवरचे गाव चित्रीकरण संपल्यावर मोडले असेल. खरे गाव मोडत नाही. म्हणून कथा बदलावी लागते.