त्रिकोणात न बसणारा संसार : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

मागच्या वेळी आपण रॉबर्ट स्टर्नबर्ग यांचा प्रेमाचा त्रिकोण पाहिला. १९८६ सालची मांडणी. जवळीक, ओढ आणि निर्णय किंवा बांधिलकी, असे तीन कोन. व्याख्यान संपल्यावर एकांनी विचारलं, ‘सर, आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांचं काय?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतो.

लग्नाच्या वेळी लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या. निर्णय हा कोन इथे आहेच, पण तो घेतला कुणी? वडीलधाऱ्यांनी. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तोही निर्णय एकट्याचाच. बायकोला त्या काळच्या समाजात काय सोसावं लागेल याचा विचार त्यांनी केला नसेल असं मी म्हणत नाही, पण विचार करणं वेगळं आणि विचारणं वेगळं. मग काही वर्षांची ताटातूट. लक्ष्मीबाई परत आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ आपलं सोवळं सांभाळूनच राहिल्या. जातिभेद माणसानं केलेला आहे हे त्यांना स्वतःला पटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे बघा, त्रिकोणाचा तिसरा कोन लक्ष्मीबाईंच्या बाजूनं लग्नानंतर सुमारे वीस वर्षांनी तयार झाला. स्टर्नबर्ग तिन्ही घटक कमीजास्त होतात हे मान्य करतात. पण निर्णय घेण्याचा अधिकार दोघांना सारखा आहे, हे त्यांनी जणू गृहीतच धरलंय. माझा आक्षेप तिथे आहे.

आता पुस्तकाकडे. ‘स्मृतिचित्रे’चं कौतुक बहुतेक वेळा विनोदासाठी होतं. टिळकांचा भोळेपणा, पैसा हातात न टिकणं, लहरी स्वभाव, हे वाचताना आपण हसतो. हसावंच. पण हसता हसता आपण टिळकांना फार स्वस्तात सोडून देतो. पहिला भाग १९३४ चा. टिळक गेले १९१९ मध्ये. ज्याच्याशी भांडायचं तो माणूस नाही, आणि लेकाला हव्या होत्या वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी. अशा वेळी राग कुठे जाणार? तो विनोदात गेला, असं मला वाटतं.

जॉन गॉटमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सांगतात की नवराबायकोत सगळ्यात घातक असते ती तुच्छता. नुसतं भांडण तेवढं नाही. या कसोटीवर पुस्तक वाचून पाहा. लक्ष्मीबाई नवऱ्याची फजिती सांगतात, चिडतात, टोमणे मारतात, पण त्याला क्षुद्र लेखत नाहीत. हे खरं मोठेपण आहे. मात्र याचा अर्थ त्यांनी सगळं माफ केलं, असा काढू नका. आपल्याकडे सूनबाईला ‘हसून सोडून दे गं’ म्हणणारे पुष्कळ असतात, आणि दाखल्याला असली पुस्तकं पुढे करतात. लक्ष्मीबाईंनी सोडून काहीच दिलेलं नाही. चाळीसेक वर्षांनीसुद्धा त्यांना त्या विरहाचे तपशील आठवत होते, आणि ते त्यांनी छापायला दिले.

पुढच्या वेळी रमाबाई रानड्यांच्या आठवणी घेऊ. तिथे हसणं फार कमी आहे, आणि मला ते पुस्तक जास्त अवघड जातं.