‘आम्ही घर सुधारलं’ : यातले आम्ही कोण?

(लोणी काळभोर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय कळल्यावर ओळखीच्या एका काकांनी आम्हाला गाठून विचारलं, “समीक्षा पुस्तकाची असते, नाटकाची असते. घराची कसली समीक्षा करताय?” प्रश्न रास्त आहे. पण बघा, पुस्तक तीनशे रुपयांना येतं. नाही आवडलं तर फडताळात पडून राहतं. घरात माणसाची पंचवीस-तीस वर्षांची कमाई जाते, वर कर्ज असतं, आणि त्यावर आपण सगळे मिळून एकच वाक्य बोलतो. वास्तुशांतीला जातो, जेवतो, पाकीट देतो आणि म्हणतो, “छान झालंय हो!” झाली समीक्षा.

त्या दिवशी पाहुण्यांना घर दाखवतात तो क्रम आठवा. आधी गेट, मग पोर्चमधलं ग्रॅनाइट, मग हॉल आणि हॉलचं पीओपी. त्या पीओपीतले दिवे मुद्दाम लावून दाखवतात. मग किचन ट्रॉल्या उघडून-मिटून होतात, मग बेडरूम, मग गच्ची. आजवर एकाही वास्तुशांतीला आम्हाला कोणी मोरी दाखवलेली नाही. भांडी कुठे घासतात, ओले कपडे कुठे वाळतात, सांडपाणी कुठे जातं, हे कोणी दाखवत नाही आणि आपणही विचारत नाही. (हशा.) हसू नका, आमच्या घरीसुद्धा असंच झालं. म्हणून सुरुवात आमच्या घरापासूनच करतो.

आमचं घर इथलंच, जुनं. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परस. हातात थोडे पैसे आले तेव्हा आम्ही ठरवलं, घर सुधारायचं. पहिला खर्च गेटवर झाला, दुसरा ओसरीवर. ओसरीला शहाबादी फरशी होती. ती उखडली आणि चकाचक व्हिट्रिफाइड टाइल बसवली. दुकानात ती आरशासारखी दिसत होती, घरीही तशीच दिसली. पहिल्या पावसात झड आत आली, आई देवपूजेची फुलं घेऊन बाहेरून येत होती, आणि पाय गेला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. टाइलचा दोष नव्हता. ती बैठकीच्या खोलीसाठी केलेली टाइल होती, आम्ही ती पावसात नेऊन घातली. प्लास्टरमधल्या हाताने आई एकदा म्हणाली, “ओसरी छान झाली रे, पण मला तिथून जायची भीती वाटते. तेवढ्या पैशात मागच्या नळाला उंची आली असती.”

मागचा नळ म्हणजे परसातला, भांडी घासायचा. जमिनीपासून वीतभर वर. चाळीस वर्षं ती उकिडवी बसून त्याच्याखाली भांडी घासत होती. आम्ही सगळ्यांना सांगत होतो, “आम्ही घर सुधारलं.” या वाक्यातल्या ‘आम्ही’मध्ये ती नव्हती. आज बोलायचं आहे ते एवढंच, बाकीचं याच्याच भोवती येईल.

आता गावाकडे बघू. आपल्या गावाला एक गंमतशीर वारसा आहे. नदीकाठी राजबाग आहे, राज कपूर यांचं शेत. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ १९७८ साली आला, त्याचं चित्रीकरण या शेतावर झालं. आता तिथे विद्यापीठ आहे, स्मारक आहे. सिनेमासाठी गाव उभारतात तेव्हा काय करतात, हे पाहिलेली माणसं या भागात असतील. सेटवरच्या घराला दर्शनी भिंत असते, दार असतं, उंबरा असतो. मागे टेकू दिलेल्या बल्ल्या असतात. कॅमेरा मागे जाणारच नसतो, मग मागची बाजू बांधायची कशाला? सिनेमाच्या हिशेबाने ते अगदी बरोबर आहे.

आम्हाला वाटतं, आपली नवी घरं आपण त्याच पद्धतीने सुधारतो आहोत. कॅमेऱ्याच्या जागी रस्ता आहे. ‘एलिव्हेशन’ हा शब्द आता गवंड्यापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. एलिव्हेशनसाठी पश्चिमेला मोठी काच येते, छज्जा नको म्हणून काढला जातो, आणि एप्रिलमध्ये दुपारी त्या खोलीत बसवत नाही. मग पडदा येतो, मग एसी येतो. सरकत्या खिडकीचं साधं गणित आहे. दोन पल्ले एकाआड एक सरकतात, म्हणजे कितीही मोठी खिडकी घेतली तरी उघडते अर्धीच. जुनी लाकडी खिडकी लहान असायची, पण पूर्ण उघडायची. पैसे मोजताना आपण चौकटीचं माप बघतो, वाऱ्याचं बघत नाही.

आता कोणी म्हणेल, हे जुन्याचं कौतुक सुरू झालं. तसं नाही हं. जुनं घर कोणासाठी सोयीचं होतं, हेही विचारलं पाहिजे. देशावरच्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड थरामुळे गारवा राहायचा, हे खरं. पण ते धाबं दर पावसाळ्याआधी नीट करावं लागायचं. जमीन शेणाने सारवावी लागायची, आणि ती सारवणारे हात घरातल्या बायकांचे असायचे. माजघरात उजेड नसायचा, चुलीचा धूर डोळ्यांत जायचा. ओसरी ही विरंगुळ्याची जागा, पण तिथे कोण टेकायचं? पुरुष. कोणी पायरीखालीच थांबायचं आणि कोणी वर यायचं, हेही तीच ओसरी ठरवायची. तेव्हा वाड्याचं गुणगान करून आमचं काम होणार नाही. वाडा असो की बंगला, प्रश्न एकच: ही सोय कोणाच्या वाट्याला आली?

लॉरी बेकर हे मोठे वास्तुकार, केरळात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला. तरुणपणी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. घरासाठी लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आपल्याकडे लोणीत तो जसाच्या तसा लावता येत नाही. शहाबादी फरशीच घ्या. ती आपल्याला इतकी घरची वाटते, पण येते कर्नाटकातल्या शहाबादहून. आपल्या लोणी स्टेशनावरून जी लाइन जाते, ती १८६० साली सोलापूरला पोचली आणि पुढे त्याच दिशेने वाढत शहाबादवरून गेली. म्हणजे आपली ‘पारंपरिक’ फरशीसुद्धा पाहुणी आहे. पण ती इथे टिकली का? खडबडीत शहाबादीवर ओला पाय घसरत नाही. तडा गेला तर गावातला गवंडी तेवढीच एक लादी बदलतो. फार महाग नसते. लांबून आलेली असली तरी ती वापरणाऱ्याची झाली. बेकर यांच्या पाच मैलांत आम्ही म्हणून एक भर घालू: सामान कुठून का येईना, दुरुस्ती करणारा माणूस पाच मैलांच्या आत हवा.

या कसोटीवर आपली खरेदी लावून बघा. बाथरूममधला तो भिंतीत गाडलेला परदेशी डायव्हर्टर. बिघडला की टाइल फोडायची, आणि तीच टाइल पुन्हा बाजारात मिळत नाही. त्याउलट मोरीचा ढाळ. फुटाला एक सूत. एवढा ढाळ नीट काढला की पाणी जाळीकडे आपोआप जातं, जमीन लवकर सुकते, शेवाळ धरत नाही. याला वेगळा खर्च जवळजवळ नाहीच. फरशी बसवताना मिस्त्रीशेजारी उभं राहून बादलीभर पाणी ओतून बघायचं, बस. पण ढाळ फोटोत दिसत नाही. वास्तुशांतीला कोणी म्हणत नाही, “काय ढाळ काढलाय!”

स्वयंपाकाच्या ओट्याचंही तेच. आपल्याकडे ओट्याची उंची मिस्त्री ठरवतो, आणि तो ती आधीच्या घरातून घेऊन येतो. खरं तर जी बाई किंवा जो माणूस तिथे रोज उभा राहणार, त्याच्या कोपरापासून तीन-चार इंच खाली ओटा हवा. पोळ्या लाटताना खांदे वर जायला नकोत. कडप्पा की ग्रॅनाइट यावर घरात आठ दिवस चर्चा होते, उंचीवर आठ मिनिटंही होत नाही. पुढची वीस वर्षं दुखते ती पाठ. कडप्प्याला किंवा ग्रॅनाइटला कधी काही दुखल्याचं ऐकलं नाही.

आता अंगण. सोलापूर रस्त्याने उरुळीकडे निघालात की रोपवाटिकांची रांग लागते. सोरतापवाडीचं तर त्यासाठी नावच आहे. एवढी रोपं दाराशी असताना आपण अंगणात काय करतो? पेव्हर ब्लॉक. चिखल होत नाही, गाडी लावता येते, झाडायला सोपं. हे तिन्ही फायदे खरे आहेत, आणि झाडणाऱ्या बाईसाठी तिसरा फार मोठा आहे. पण ब्लॉकच्या खाली सिमेंटचा थर दिला की पाणी मुरायचं बंद होतं. साधा हिशेब करू. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी जमतं. पूर्वी यातलं बरंचसं अंगणात, परसात मुरायचं. आता ते उताराने शेजाऱ्याच्या दारात जातं. आपल्या गावात पावसाळ्यात जी भांडणं होतात, त्यातली कितीतरी या पाण्याची असतात. आपलं अंगण सुधारलं, शेजाऱ्याचं बिघडलं. आणि उन्हाळ्यात टँकरसाठी दोघंही एकाच रांगेत.

उपाय फार अवघड नाही. ब्लॉक घालायचेच तर खाली खडी-कचच्या थरावर घाला, सांधे वाळूने भरा. कुंपणाच्या कडेने दीड-दोन फुटांची मातीची पट्टी मोकळी ठेवा. तिथे कढीपत्ता, लिंबू, गवती चहा लावा. गच्चीचा पाइप शोषखड्ड्यात सोडा. हिरवळ म्हणून कार्पेट लॉन आणतात, तिला रोज पाणी लागतं, आणि तिच्यावर पोरांना खेळू देत नाहीत. मग ते अंगण कसलं, तो नुसता गालिचा झाला!

घराच्या मागच्या बाजूची जाहीर चर्चा आपल्या महाराष्ट्रात फार थोड्यांदा झाली. संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं, तेव्हा गावोगाव लोक गटारं, उकिरडे, शोषखड्डे याबद्दल चारचौघांत बोलायला लागले. पलीकडे उरुळी कांचनला गांधीजी १९४६ साली राहून गेले, निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, तिथेही आरोग्याचा विचार स्वच्छ पाणी, हवा आणि सफाईपासून सुरू होतो. म्हणजे हा विचार आपल्याला परका नाही. आपण तो गावाला लावला, आपल्या बंगल्याला लावायचा राहिला.

विरंगुळ्याबद्दल दोन शब्द. हल्ली गच्चीवर गझिबो होतो, खाली झोपाळा टांगतात. झोपाळ्याविरुद्ध आमचं काही नाही. पण एक पाहणी घरी जाऊन करा: रविवारी त्या झोपाळ्यावर कोण बसतं, आणि चहा करून कोण आणतं? घरातल्या एका माणसाचा विरंगुळा दुसऱ्याचं काम वाढवून होत असेल, तर ती खरेदी अर्धीच झाली म्हणायची.

आता आमच्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो आणि संपवतो. आईचं प्लास्टर निघालं त्या महिन्यात आम्ही परसात काम काढलं. कमरेइतक्या उंचीचा, भांडी घासायचा ओटा बांधला. विटांचे दोन खांब, वर ओसरीचीच उखडलेली शहाबादी फरशी, ती रचून ठेवलेली होती. नळ वर घेतला, वर पत्रा घातला, पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. शेजारी उरलेल्या लाद्यांचं बसायला बाकडं केलं. गावातला गवंडी, एक बिगारी, तीन दिवस. ओसरीवर जेवढा खर्च झाला होता त्याच्या दहाव्या हिश्शातही हे बसलं.

आईने दुसऱ्या दिवशी काय केलं? शेजारच्या दोन काकूंना बोलावून आणलं आणि मागच्या दाराने थेट परसात नेलं. नळ सोडून दाखवला, उभं राहून एक पातेलं घासून दाखवलं. मग तिघी त्या बाकड्यावर बसल्या आणि चहा आम्हाला करायला सांगितला. (हशा, टाळ्या.) पुढे त्यातल्या एका काकूंच्या घरीही तसाच ओटा झाला. आमचं गेट पाहून मात्र आजवर कोणी तसं गेट केलेलं नाही.

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाची, फर्निचरची बोलणी सुरू होतात. तेव्हा एक करा. रंगाचं कार्ड उघडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला, अगदी कामाला येणाऱ्या ताईंनासुद्धा, विचारा: या घरात तुम्हाला रोज कुठे त्रास होतो? उत्तरं लिहून काढा आणि पहिला खर्च त्या यादीतल्या पहिल्या ओळीवर करा. गेट पुढच्या वर्षी करू. आमच्या ओसरीवर आता घसरू नये म्हणून काथ्याची चटई अंथरलेली असते, आणि ती चकाचक टाइल तिच्याखाली झाकली गेली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी जरूर या, पण येताना मागच्या दाराने या.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.