थोडी तिरकी करून बघा!

मला गाड्यांमधलं कळतं, असं मी समजतो. माझ्या मुलाला ते पटत नाही, आमच्या वखारभागातल्या मिस्त्रीला त्याबद्दल शंका आहे आणि बायकोनं तर या विषयावर बोलणंच सोडून दिलंय. पण टीकाकारानं एवढ्यातेवढ्यानं खचून चालत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून या गावातला प्रत्येक माणूस नाटकाचा टीकाकार आहे. त्यातल्या कितीजणांनी तोंडाला रंग लावलाय? त्याच थोर परंपरेतला मी गाड्यांचा टीकाकार. नवी गाडी आली की शोरूममध्ये जायचं, मारुतीला घालावी तशी तिला प्रदक्षिणा घालायची, टायरला बुटानं हलकेच ठोसर मारायची, “ॲव्हरेज किती देते?” असं विचारायचं आणि न घेता परत यायचं. पूर्वी शोरूममधली पोरं चहा द्यायची. हल्ली पाणीसुद्धा विचारत नाहीत. ओळख वाढली की असं होतंच.

मुळात मी साताऱ्याचा. नोकरीनं सांगलीकर झालो, पण पिंड साताऱ्याचा. आणि सातारा म्हणजे नुसते कंदी पेढे नव्हेत. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी काढली आणि साताऱ्यात चक्क स्कूटरचा कारखाना आला. स्कूटरचं नाव ‘प्रिया’. आता बघा, आमच्या गावात त्या काळी बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची चोरी. पण तेच पापभीरू गृहस्थ भर पोवई नाक्यावर मोठ्यानं सांगायचे, “माझी प्रिया राजवाड्यापाशी उभी आहे.” एका कारखान्यानं साताऱ्यात एवढी सामाजिक सुधारणा केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तो काळच निराळा होता. स्कूटर पैसे देऊन मिळत नसे, नंबर लागून मिळत असे. किती गाड्या काढायच्या हे सरकारच्या लायसनवर ठरायचं आणि घेणारे मात्र अफाट. पोरगं शाळेत घातलं तेव्हा नंबर लावायचा आणि ते मॅट्रिक होईपर्यंत वाट बघायची. लग्नाच्या बाजारात ‘मुलाचा स्कूटरला नंबर लागलाय’ हे वाक्य ‘मुलाची नोकरी पक्की आहे’ याच्या खालोखाल चालायचं. आमच्या वडिलांच्यानं काही तेवढा दम निघाला नाही. त्यांनी बदली झालेल्या एका साहेबाची जुनी स्कूटर घेतली, तीच पुढं माझ्याकडे आली. तिचा मेक सांगत नाही. ती आता हयात नाही आणि गेलेल्याविषयी नाव घेऊन वाईट बोलू नये.

स्कूटर सुरू करणं हा त्या काळी एक विधी होता. सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा. चोक ओढायचा. मग किक. एक, दोन, पाच, दहा. मग रस्त्यानं जाणारा कुणीतरी अनोळखी माणूस थांबायचा आणि तो महामंत्र म्हणायचा, “थोडी तिरकी करून बघा!” मग दोन्ही हातांनी स्कूटर कडेला वाकवायची, गायीला औषध पाजताना मान धरावी तशी. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचावं, हा त्यामागचा हेतू. नाहीच जमलं तर प्लग काढायचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळतं, त्याची काजळी प्लगवर धरते. ती घासायला घरात पॉलिशपेपर हवाच, तो आम्ही देव्हाऱ्याच्या खणात वातींशेजारी ठेवत असू. आणि गाडी सुरू झाली की निळ्या धुराचा एवढा लोट उठायचा की समोरच्या घरातल्या आजी नमस्कार करायच्या.

माझी टीका इथून सुरू होते. हल्लीच्या गाडीत माणसाला कामच ठेवलेलं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचा नियम आला आणि कार्बोरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं हे आता गाडीतला छोटा संगणक ठरवतो. बटण दाबलं की गाडी सुरू! यात कसब ते काय? रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसानं आता थांबावं तरी कशासाठी?

एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो. पूर्वी कुणाचा दिवा चुकून चालू राहिला की समोरून येणारा प्रत्येक जण मूठ उघडमीट करून ‘दिवा चालू आहे’ अशी खूण करायचा. कराडपासून आष्ट्यापर्यंत चाळीस माणसं आपली काळजी करायची. आता सगळ्यांचेच दिवे लागलेले, कोण कुणाला काय सांगणार!

जुन्या नावांनी परत आलेल्या गाड्यांचंही तसंच. म्हैसूरची येझदी आठवते? तिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत वळवून किक मारायची, मग तोच दांडा पुढं करून गिअर टाकायचा. एकाच माणसानं सूत्रधार आणि विदूषक दोघांचं काम करावं, तसा प्रकार. १९९६ मध्ये ती बंद पडली आणि २०२२ मध्ये परत आली. मी धावतच गेलो. बघतो तर किकच नाही! येझदी आणि किक नाही? मी पोराला विचारलं, “अरे, मग बंद पडल्यावर काय मारायचं?” तो म्हणाला, “काका, फोन मारायचा.”

बुलेटचं काय? जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ज्याला बुलेट येते त्याला दुसरी गाडी येत नाही आणि ज्याला दुसरी येते तो बुलेटवर ब्रेक म्हणून गिअर दाबतो. किक मारण्याआधी अँमीटरचा काटा बघायचा, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, पिस्टन बरोबर जागेवर आणायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचं. चुकलं की किक उलटी यायची आणि पोटरीचा हिशेब चुकता करायची. त्यामुळं बुलेटवाल्याकडे गाव आदरानं बघायचं. आता गिअर डावीकडे आला, बटण आलं आणि यवतेश्वरच्या घाटात काससाठी रविवारी पन्नास बुलेटा चढताना दिसतात. पन्नास पोरं आणि एकही लंगडत नाही. याला काय बुलेट म्हणायचं?

आणि हल्लीच्या त्या उंच ‘ॲडव्हेंचर’ गाड्या! हिमालयात जायला केलेल्या. आमच्या इथं त्या विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत जातात. मागची सीट एवढी उंच, की मागं बसणाऱ्यानं मूळ गाडीवाल्याच्या डोक्यावरून पुढचं दृश्य बघावं. पिशवी अडकवायला हूक नाही. गाडीची खरी परीक्षा हिमालयात होत नाही. ती होते गॅसचा सिलिंडर, वैरणीचा भारा आणि दुधाचे दोन कॅन यांनी. या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होणारी माझ्या मते एकच, १९७२ साली आलेली लूना. पन्नास सी. सी.चं इंजिन आणि वर आख्खा संसार. तीसुद्धा २०२४ मध्ये विजेवर परत आली. पुढं सामान ठेवायची जागा तशीच राखलीय हे बघून मला बरं वाटलं. नाहीतर म्हातारपणी परत आलेली माणसं ओळख देत नाहीत.

विजेच्या गाड्यांबद्दल मला सविस्तर बोललं पाहिजे, कारण एकदा माझी तिथं जाहीर शोभा झाली. माझ्या एका मित्रानं विजेची स्कूटर घेतली. कुठल्या कंपनीची ते सोडा. आम्ही दोघं गणपतीला निघालो आणि ती वाटेतच थांबली. आवाज नाही, धूर नाही, पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येऊन गेलं. मित्र घाबरला. मी मात्र पन्नास वर्षांच्या अनुभवानं पुढं झालो, दोन्ही हातांनी गाडी धरली आणि तिरकी केली. त्याबरोबर मित्राचा मोबाईल वाजला. बेंगळुरूहून त्याचा मुलगा ओरडत होता, “बाबा, लागलं का तुम्हाला? गाडी पडल्याचा मेसेज आलाय!”

गाडी तिरकी केली की सांगलीत सुरू होण्याऐवजी बेंगळुरूत बोंब होते, हा काळाचा महिमा! घरी येऊन हा किस्सा मी रंगवून सांगितला. मुलगा हसला. बायको हसली नाही. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “तुम्हाला २००३ सालची ती रात्र आठवते का हो?”

आठवत होती. पण टीकाकार आपल्या सोयीचं तेवढंच आठवतो.

जुलैचा पाऊस होता. रात्रीचे दोन. मला मूतखड्याची कळ आलेली. ज्याला आलीय त्यालाच ती ठाऊक. मुलगा सहा वर्षांचा, घरात फोन होता पण पावसानं मुका झालेला. मिरजेला दवाखान्यात जायचं तर वाहन एकच, दारातली आमची स्कूटर. ती चालवणारा मी, आणि मी ओट्यावर वेटोळं करून पडलेलो. बायकोनं साडी खोचली आणि किक मारायला सुरुवात केली. तिला कधी शिकवलंच नव्हतं. स्कूटर हे बायकांचं काम नव्हे, तिनं मागं एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायचं, अशी तेव्हाची समजूत. ती किक मारतेय, पदर भिजतोय, आतून पोरगं रडतंय, आणि मी ओट्यावरून विव्हळत तिला काय सांगत होतो?

“अगं, थोडी तिरकी कर! थोडी तिरकी!”

तिनं तिरकी केली. शंभरावर किलोचं ते धूड तिच्या अंगावर आलं. नंतर पलीकडच्या गल्लीतला दूधवाला पहाटेचं दूध आणायला निघाला होता, त्यानं मला कॅनच्या जागी बसवून मिरजेला पोचवलं. बायको चालत मागून आली. किती अंतर, ते मी तेव्हा विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरात तिनं भिशीच्या पैशातून अ‍ॅक्टिव्हा घेतली. २००१ साली निघालेली ती गाडी, गिअर नाही, क्लच नाही, बटणावर सुरू होणारी. तेव्हाही मी परीक्षण केलं होतं. “ही काय गाडी आहे? शिवणयंत्र आहे,” असं म्हणालो होतो. त्या शिवणयंत्रावर तिनं मुलाला क्लासला सोडलं, माझ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं आणलं, आणि २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा शेजारच्या आजींना मागं बसवून वेळेत विश्रामबागेला पोचवलं. माझी स्कूटर त्या पाण्यात उभ्या उभ्या गेली. तिला तिरकी करायलासुद्धा कुणी नव्हतं.

“तुमच्या गाड्यांना माणसं लागायची म्हणता ना,” बायको म्हणाली, “बरोबर आहे. पण ते माणूस म्हणजे दरवेळी तुम्हीच.”

गाड्यांवरचं एवढं थोडक्यात आणि एवढं बरोबर परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही. मी मान खाली घालून पेपर वाचू लागलो. पेपर उलटा होता.

तरी जित्याची खोड. परवा मुलाला नवी गाडी घ्यायची म्हणून आम्ही तिघं शोरूमला गेलो. मी प्रदक्षिणा घातली. एबीएस म्हणजे काय, हे त्या पोरालाच समजावून सांगितलं: करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही, म्हणून उसाच्या गाळपाच्या दिवसांत चिखलानं आणि पाचटीनं माखलेल्या रस्त्यावर गाडी सहजासहजी घसरत नाही. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सी. सी.च्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, हेही सांगितलं. आमच्या काळात हा चमत्कार नव्हता. आमचे कोपर आणि गुडघेच ते काम करायचे. एवढं मात्र मी टीकाकार असूनही कबूल करतो, की त्या गुडघ्यांत मला काही थोर वाटत नाही.

मुलाचा डोळा त्या उंच गाडीवर होता. पोरगं घडाघडा बोलत होतं: ब्लूटूथ, नकाशा, मोबाईलला चार्जिंग. बायको शांतपणे ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं,

“हे सगळं ठीक आहे. पण रात्री दोन वाजता, पावसात, घरात दुसरं कुणी उठण्यासारखं नसेल, तर ही मला एकटीला काढता येईल का?”

पोरगं गप्प झालं. मुलगा त्या उंच सीटकडे आणि मग आईकडे बघत राहिला. मला त्या परीक्षणात भर घालण्यासारखं काही सुचेना. सवयीप्रमाणे मी नुसती टायरला बुटानं हलकेच ठोसर मारली, आणि आम्ही पलीकडच्या स्कूटरांच्या रांगेकडे वळलो.

त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी शोरूममध्ये आम्हाला चहा मिळाला. पहिला कप पोरानं बायकोला दिला.