पोरांना रजत कमळ, मोठ्यांना टाळ्या

23 सप्टेंबर 2025 ला दिल्लीच्या विज्ञान भवनात साडी नेसलेली बालकलाकार त्रिशा ठोसर राष्ट्रपतींच्या हातून रजत कमळ घ्यायला गेली, तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. त्याच दिवशी शाहरुख खानला त्याच्या आयुष्यातला पहिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला, तरी आमच्या घरी कौतुक चाललं होतं ते त्रिशाचंच. ‘नाळ 2’ मधली तिची चिमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटलं नसेल. तिच्यासोबत त्याच चित्रपटातल्या श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगतापलाही पुरस्कार होता, आणि ‘जिप्सी’साठी कबीर खंदारेलाही. एका वर्षात मराठीची चार मुलं. श्रीनिवासला तर पहिल्या ‘नाळ’साठीही हाच पुरस्कार मिळालेला आहे.

या आनंदात मी मागची यादी काढून बसलो. ‘श्वास’मधला अश्विन चितळे, ‘बाबू बँड बाजा’तला विवेक चाबुकस्वार, ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे, ‘सुमी’तली आकांक्षा पिंगळे आणि दिव्येश इंदुलकर, ‘टकटक’मधला अनिश गोसावी. बालकलाकारांच्या यादीत मराठी नावं पुन्हा पुन्हा येतात. मग मोठ्यांची यादी काढली आणि मन खट्टू झालं. 2008 ते 2012 या पाच वर्षांच्या चित्रपटांत मराठीने मुख्य अभिनयाचे पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळवले होते: ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमये, ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी, ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप, ‘धग’साठी उषा जाधव आणि ‘अनुमती’साठी विक्रम गोखले. त्यानंतर 2023 पर्यंतच्या चित्रपटांत एकही नाही. सहायक भूमिकांसाठी ‘अस्तु’तली अमृता सुभाष आणि ‘दशक्रिया’तले मनोज जोशी आहेत, किशोर कदम यांचा विशेष उल्लेखही झाला. पण मुख्य भूमिकेचा रकाना मराठीपुरता रिकामाच आहे.

दिल्लीच्या परीक्षकांना दोष देऊन मोकळं होता येईल. ‘कोर्ट’ला सुवर्ण कमळ देणाऱ्यांना त्यातल्या गीतांजली कुलकर्णी दिसल्या नाहीत, हे मला आजही खटकतं. त्या चित्रपटात त्यांची सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात, बाजारहाटाची यादी वाचावी तशी वाचत जाते. नंतर लोकलने घरी येते, स्वयंपाक करते, घरच्यांना वाढते. एका माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेण्याचं काम आणि पोळ्या लाटण्याचं काम, दोन्ही एकाच थकव्याने करणारी बाई. त्यात खलनायकी नाही, पश्चात्तापही नाही. अभिनय केल्याची एकही खूण मागे राहत नाही, आणि बहुधा त्यामुळेच तो पुरस्काराच्या चाळणीतून निसटला.

तरी माझी खरी तक्रार आपल्याच घराशी आहे. मुलांसाठी आपण माणसं लिहितो आणि मोठ्यांसाठी नमुने. ‘फँड्री’तल्या जब्याला काळी चिमणी हवी असते, शालू हवी असते, आणि गावाच्या नजरेपासून लपायचंही असतं. या तीन ओढींच्या मध्ये सोमनाथ उभा राहिला की कॅमेऱ्याला फक्त त्याच्याकडे बघत राहावं लागतं. ‘किल्ला’तल्या चिन्मयला वडील गेल्याचं दुःख नीट सांगता येत नाही, म्हणून ते समुद्रात, पावसात, मित्रावरच्या रागात फुटतं. ‘नाळ’मधल्या चैत्याला आई म्हणजे कोण हे नव्याने कळतं. लेखकाने या मुलांना आतून ओळखलं आहे. मोठ्या नटाच्या वाट्याला मात्र गेली काही वर्षं फेटा, दाढी आणि आवेश येतो, नाहीतर एखाद्या थोर माणसाचं चरित्र.

चरित्रपटांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आपली अभिनयाची फूटपट्टी तिथे बदलली. ‘बालगंधर्व’, ‘लोकमान्य’, ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ हे सुबोध भावे यांचे तिन्ही चित्रपट मी थिएटरात पाहिले, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडताना कानावर एकच शब्द आला: हुबेहूब. ‘धर्मवीर’मधल्या प्रसाद ओकच्या वेळीही तोच. या नटांची मेहनत मी कमी लेखत नाही. पण हुबेहूब ही रंगभूषेची पावती आहे. घाणेकरांमध्ये भावे आवडतात ते साम्यामुळे नव्हे, टाळ्या थांबल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी भीती उतरते तिच्यामुळे. त्या भीतीबद्दल कुणी बोलत नाही. याच्या अगदी उलट ‘जोगवा’तला तायप्पा. तो दिसतो कसा हे आपण कधी पाहिलेलंच नसतं, त्यामुळे ताडून बघायला काही नसतं. साडी अंगावर लादली गेलेल्या पुरुषाची लाज, संताप आणि हळूहळू मोडत जाणारी पाठ लिमयेंना शून्यातून उभी करावी लागली. मी त्या भूमिकेला या सगळ्यांच्या वर ठेवतो.

ही फूटपट्टी बिघडण्याचं दुसरं कारण घरातल्या दूरचित्रवाणीत आहे. वाहिन्यांचे पुरस्कार सोहळे मी लहानपणापासून आवडीने पाहत आलो. आता तिथे नाच आणि विनोदी प्रवेश भरपूर असतात. संकलन, ध्वनी, पटकथा यांचे मानकरी मात्र झरझर उरकले जातात. विजेत्याने नक्की काय चांगलं केलं हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. आणि रिअॅलिटी शोने तर माणसाचं वागणंच स्पर्धेला लावलं. ‘बिग बॉस मराठी’त आठवडाभर भांडायचं, रडायचं, आणि शेवटी सूत्रसंचालक मांजरेकरांच्या चावडीवर किंवा रितेशच्या भाऊच्या धक्क्यावर त्याचा निवाडा ऐकायचा. मेघा धाडे, शिव ठाकरे, सूरज चव्हाण हे लोकांच्या मतांनी जिंकले आणि त्यांच्यावरचं प्रेम खरं आहे. सूरजच्या विजयाने माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण 2025 मध्ये त्याला नायक करून ‘झापुक झुपूक’ आला, तेव्हा दिसून आलं की ‘बिग बॉस’च्या घरात कॅमेऱ्यासमोर स्वतः असणं आणि पडद्यावर दुसरा कुणी होणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी शिक्षण, तालीम आणि नीट लिहिलेली भूमिका लागते, आणि त्यातलं काहीच त्याला पुरेसं दिलं गेलं नाही.

सगळ्याच कार्यक्रमांना एका मापाने मोजणं मात्र अन्याय होईल. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या 2009 च्या पर्वात कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा आणि रोहित गात होते, तेव्हा आमच्या चाळीत जेवणं लांबायची. तिथे गाणं ऐकायला मिळायचं आणि कुठे कमी पडलं हेही कळायचं. 2021 मध्ये हीच पाच मुलं परीक्षकांच्या खुर्चीत बसली. बारा वर्षं त्यांनी गाणं सोडलं नव्हतं. तसंच ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव यांना बघा. लहानशा प्रवेशात चाल, आवाज, बोटांची हालचाल बदलून आख्खा माणूस उभा करतात. आज मराठीतला सर्वांत जिवंत अभिनय दर आठवड्याला तिथे होतो, असं माझं मत आहे. याच नटांना चित्रपटात मात्र नायकाच्या मित्राचे दोन प्रसंग मिळतात.

निळू फुले यांना ‘सामना’ किंवा ‘सिंहासन’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही, आणि त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. पण तेव्हा विजय तेंडुलकर त्यांच्यासाठी हिंदुराव धोंडे पाटील आणि दिगू लिहीत होते. म्हणून माझी मागणी आधी लेखक आणि निर्मात्यांकडे आहे: पन्नाशीतल्या बाईसाठी, निवृत्त कारकुनासाठी, डिलिव्हरीच्या दुचाकीवर दिवस काढणाऱ्या तरुणासाठी जब्याइतकी पूर्ण भूमिका लिहा. आणि पुरस्कार देणाऱ्यांनी, सरकारी असोत वा खासगी, प्रत्येक अभिनयाच्या पुरस्कारासोबत परीक्षकांची कारणं चार ओळींत तरी छापावीत आणि व्यासपीठावर वाचून दाखवावीत. त्रिशा मोठी होऊन नटी व्हायचं म्हणाली, तर तिच्यासाठी भूमिका तयार हव्यात.