पाच पट, अकरा पट आणि त्रेपन्न पट

हॅमंड, सेलिकॉफ आणि सायडमन यांचा १९७९ चा ॲस्बेस्टॉसवरचा पेपर तुम्हाला कुठल्या ना कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटलाच असेल. विषय अमेरिका-कॅनडातल्या इन्सुलेशन कामगारांचा. फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, दर लाख व्यक्ती-वर्षांमागे: सिगारेटही नाही, ॲस्बेस्टॉसही नाही, तर ११.३, फक्त ॲस्बेस्टॉस, ५८.४, फक्त सिगारेट, १२२.६, दोन्ही असेल तर ६०१.६.

पुस्तकं इथेच थांबतात आणि ‘सिनर्जी’ म्हणून मोकळी होतात. तुम्ही थांबू नका, कागद घ्या. दोन्ही परिणामांची नुसती बेरीज झाली असती तर आकडा १७० च्या आसपास आला असता. गुणाकार झाला असता तर ६३४. प्रत्यक्षात ६०२. म्हणजे बेरजेच्या मोजपट्टीवर इंटरॅक्शन प्रचंड, आणि गुणाकाराच्या मोजपट्टीवर जवळजवळ काहीच नाही! डेटा तोच. त्यामुळे ‘इंटरॅक्शन सापडलं’ असं कुणी लिहिलं की आधी विचारा, कुठल्या मोजपट्टीवर?

पेपरचा माझ्या मते खरा कच्चा दुवा वेगळाच आहे. ॲस्बेस्टॉस न हाताळणारे लोक या कामगारांमधले नव्हतेच, ते अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या दुसऱ्या अभ्यासातून घेतले. शिक्षण आणि कामाचं स्वरूप जुळवलं होतं हे मान्य, पण तरी. शिवाय ॲस्बेस्टॉसचा रकाना ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच. कुणाची फुप्फुसं आधीच ॲस्बेस्टोसिसने कडक झालेली, कुणाची नाहीत, सगळे एकाच डब्यात.

मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच डबा उघडला. ॲस्बेस्टोसिस नसलेल्या, धूम्रपान करणाऱ्या कामगारांत धोका १४.४ पट, म्हणजे साधारण बेरजेइतकाच. ॲस्बेस्टोसिस असेल तर ३६.८ पट. रसायन तेच, व्यसन तेच, तरी फरक पडला.

आता हे महत्त्वाचं का, ते बघा. ‘तो सिगारेट ओढायचा’ हे मालकाच्या वकिलाचं आवडतं वाक्य. पण १९७९ च्याच तक्त्यात ॲस्बेस्टॉस काढून टाकलं तर ६०१.६ चे १२२.६ होतात, म्हणजे सुमारे ८० टक्के मृत्यू टळतात. सिगारेट काढली तर ९० टक्के. बेरीज १७० टक्के! गणित चुकलेलं नाही. बऱ्याचशा मृत्यूंना दोन्ही कारणं लागली, म्हणून ते दोन्हीकडे मोजले जातात. नुकसानभरपाईची वाटणी शंभरात बसवायची असेल, तर ती या तक्त्यातून निघत नाही. आणि मेसोथेलिओमाच्या बाबतीत तर वकिलाला सिगारेटचा आधारच नाही, कारण त्या कॅन्सरचा धूम्रपानाशी संबंध दिसत नाही.