माणसाचे मोल : ख्रिस्ती उत्तराची चिकित्सा

कल्याण या प्राचीन बंदराची दोन नाती इतिहासाने नोंदविली आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या उपासकांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे पर्शियातून नेमलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याचे लिहून ठेवले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या भूमीत बुद्धाचा धम्म व ख्रिस्ताचा धर्म परस्परांस नवखे नाहीत. तथापि त्यांची तुलना आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या वादापुरतीच होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या एखाद्या वस्तीतील आजारी वा बेकार बौद्ध तरुण प्रार्थनासभेस जाऊ लागला, तर 'तो फसला' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हास हे पुरेसे वाटत नाही. त्याला तेथे कोणते उत्तर मिळाले, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

माणसाची किंमत त्याच्या कमाईवर ठरत असेल, तर नोकरी गेलेल्याचे, अंथरुणास खिळलेल्याचे मोल काय? आणि अशा जगण्याला अर्थ कोणता? आधुनिक माणसाच्या या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माचे उत्तर असे : मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, ईश्वराने त्याच्यावर आधीच प्रेम केले आहे, म्हणून त्याचे मोल कमवावे लागत नाही आणि गमावताही येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाला उद्देशून काढलेल्या दस्तऐवजात याच भूमिकेचा उच्चार केला. एप्रिल २०२४ मध्ये तर व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठा अनंत आहे, असे स्वतंत्र घोषणापत्र प्रसिद्ध केले.

मराठीत हे उत्तर जगून पाहिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. त्यांच्या बालपणीची काही वर्षे कल्याणातच शिक्षणात गेली. १८९३ साली आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे'त सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या ब्राह्मण स्त्रीच्या मनातून जातिभेद कसा गळून पडला, याचे प्रांजळ चित्रण आहे. हे ख्रिस्ती विचाराचे यश होय. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु या उत्तरास आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला तत्त्वाचा. मोल हे ईश्वराचे दान असेल, तर ज्याची ईश्वरावर श्रद्धा नाही त्याच्यासाठी या मोलाचा आधारच उरत नाही. येशूने शब्बाथाच्या नियमापेक्षा माणूस मोठा मानला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९३६ च्या मुंबईतील महार परिषदेत धर्मापेक्षा माणूस मोठा मानला. हे साम्य लक्षणीय आहे. मात्र येशूच्या उद्गारामागे ईश्वरपुत्राचा अधिकार उभा आहे, तर बाबासाहेबांनी निर्णयाचा अधिकार ऐकणाऱ्यांच्या विवेकाकडे सोपविला. तथागतांनी स्वतःस मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. हा भेद बाबासाहेबांनी १९५० च्या आपल्या लेखात स्पष्ट केलाच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीवरील आपल्या निबंधात बाबासाहेबांनी विचारले, की या धर्माला धर्मांतरितांमधील जात नष्ट करता आली काय? तसेच, दुःखाचे मूळ माणसाच्या पापात आहे असे अस्पृश्याला शिकविले, तर अन्याय करणारी समाजव्यवस्था दृष्टीआड होते, हे त्यांनी दाखविले. ही चिकित्सा पुढे ख्रिस्ती समाजातूनही झाली. अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या दलित ईश्वरशास्त्राने ख्रिस्तालाच दलित म्हणून पाहिले. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनीही २०१६ च्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. अनंत प्रतिष्ठेचा सिद्धांत चर्चच्या उंबरठ्याआतील जातीला पुरा पडला नाही, असाच याचा अर्थ.

मग आपले उत्तर कोणते? मनुष्य कर्माने थोर होतो, जन्माने नव्हे, असे आपण सांगतो. ते यथार्थच आहे. पण येथे एक धोका आहे. मोल केवळ कर्तृत्वाने ठरू लागले, तर शिकलेला, पदावर पोहोचलेला तेवढाच माणूस उरतो आणि मागे राहिलेला पुन्हा एकदा हीन ठरतो. विनयपिटकातील एक प्रसंग या ठिकाणी मार्गदर्शक आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. आपण इतरांच्या काही उपयोगाचे नाही, म्हणून कोणी शुश्रूषा करीत नाही, असे त्याने तथागतांस सांगितले. तथागतांनी आनंदासह त्याला स्वहस्ते न्हाऊ घातले. मग त्यांनी भिक्खूंना बजावले, की तुम्हांला येथे माता नाही, पिता नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? निरुपयोगी ठरलेल्याचे मोल येथे ईश्वराच्या साक्षीवाचून प्रस्थापित झाले. ते संघाच्या हातांनी झाले.

आमच्या मते बौद्ध उत्तराचे सामर्थ्य येथे आहे, आणि त्याची कसोटीही येथेच आहे. ईश्वर मानणाऱ्याला निदान एवढे तरी म्हणता येते, की कोणी आले नाही तरी देव जवळ आहे. आपल्याला ती सोय नाही. आपण गेलो नाही, तर कोणीच गेले नाही असा त्याचा अर्थ होतो. प्रार्थनासभेस गेलेल्या त्या तरुणाच्या उशाशी तिथले लोक बसले असतील आणि आपल्या विहारातून कोणी फिरकले नसेल, तर आमचा वरील सारा युक्तिवाद त्याला ऐकू जाणार नाही. ख्रिस्ती सिद्धांताचे खंडन ग्रंथांच्या आधारे करता येते. मैत्री आणि करुणेची उणीव मात्र ग्रंथांनी भरून निघत नाही. ती भरावयाची तर वंदना आटोपल्यावर त्या तरुणाच्या घरी आपल्यालाच जावे लागेल.