आधी काय दिसावे? : वाडीचा घाट आणि मराठी वेबपान

वेबपानाच्या रचनेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा रंगसंगती आणि सजावट यांपाशी थांबते. वाचकाच्या डोळ्याला आधी काय दिसावे, नंतर काय आणि मागे काय राहावे, हा मूळ प्रश्न तसाच उरतो. या क्रमाला ‘दृश्य उतरंड’ म्हणता येईल. शब्द घरातलाच आहे. उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि सर्वांत लहान वर, हाताशी. म्हणजे जे मोठे तेच महत्त्वाचे, असा नियम तिथेही नाही. हा मुद्दा तपासून पाहायला नृसिंहवाडीसारखी दुसरी जागा नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील या क्षेत्री मुख्य दर्शन मूर्तीचे नसून मनोहर पादुकांचे आहे. मंदिराला शिखर नाही. लांबून बोट दाखवून ‘ते पाहा’ म्हणावे असे काही उंच उभे नाही. तरीही पहिल्यांदाच आलेला भाविक चुकत नाही. पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीची दुकाने ओलांडली की पायऱ्या लागतात. खाली घाट, औदुंबर, मंडप, मग गाभाऱ्याचे लहानसे दार आणि आत पादुका. प्रत्येक टप्प्यावर नजरेपुढचा पसारा आकसत जातो. सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत लहान आणि सर्वांत खाली आहे. तिला मोठेपण येते ते तिच्याकडे नेणाऱ्या वाटेमुळे. रचनेतली ‘खोली’ म्हणतात ती हीच : पुढच्या गोष्टीसाठी आधीच्या गोष्टीने मागे सरणे.

आपल्याकडच्या देवस्थानांची, ग्रामपंचायतींची, शिक्षणसंस्थांची अनेक वेबपाने याच्या अगदी उलट वागतात. वर सरकत्या छायाचित्रांची माळ, तिच्याखाली धावती पट्टी, मग एकाच मापाचे आठ-दहा चौकोन. इतिहास, देणगी, भक्तनिवास, दर्शनाच्या वेळा, निविदा सगळे एकाच पंक्तीला बसलेले. ‘नवीन’ हा लुकलुकणारा शब्द चार ठिकाणी. शिवाय प्रत्येक चौकोनाखाली सावली, कारण सावलीने खोली येते असे कोणीतरी सांगितलेले असते.

सावलीचे खरे काम वेगळे आहे. २०१४मध्ये गूगलने ‘मटेरियल डिझाइन’ मांडले, तेव्हा पडद्यावरचा प्रत्येक घटक कागदाच्या तुकड्यासारखा कल्पिला होता. जो कागद जास्त उचललेला, त्याची सावली जास्त पसरट. म्हणजे सावली ही उंचीची खूण, आणि उंची ही क्रमाची. त्याच्या आदल्याच वर्षी ॲपलने ‘आयओएस ७’मध्ये सावल्या जवळजवळ पुसून टाकल्या आणि अर्धपारदर्शक थरांतून खोली साधली. मार्ग दोन, हेतू एकच. सगळेच चौकोन सारखे उचलले, तर कोणताच उचलला जात नाही.

मराठी पानाची आणखी एक अडचण लिपीतून येते. रोमन लिपीत मोठी अक्षरे नुसती वापरली तरी मथळा वेगळा दिसतो. देवनागरीत ती सोय नाही. अक्षरांत अंतर वाढवावे तर शिरोरेषा तुटते. लहान मापात ठसा जाड केला तर ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या पोटातली जागा बुजते. वेलांट्या, मात्रा आणि उकार यांमुळे ओळींना वर-खाली जास्त मोकळीक लागते; इंग्रजी पानाचा साचा तसाच उचलला की त्या एकमेकींत अडकतात. उरतात माप, रंग आणि मोकळी जागा. पैकी रंगाचा गोंधळ भक्तिभावातून होतो. साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ : १ असे प्रमाण असावे, असा वेबसुलभतेचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ध्वजातल्या केशरीसारख्या रंगावर पांढरी अक्षरे टाकली, तर ते जेमतेम २.१ भरते. तरुणाला ते चालून जाते. दर्शनाची वेळ शोधणाऱ्या आजीला नाही.

याचा अर्थ मराठीला उतरंड जमत नाही असा नव्हे. जयंतराव साळगावकरांचे १९७३पासूनचे ‘कालनिर्णय’ पाहावे. खोलीच्या दारातून तारखेचा ठळक आकडा दिसतो. दोन पावले पुढे गेले की सण. अगदी जवळ गेल्यावर तिथी-नक्षत्र. एका कागदावर तीन अंतरे आहेत, आणि सावली एकही नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भरगच्चपणा हा आपल्या उत्सवी मनाचा भाग आहे. देवाचे पान दवाखान्यासारखे कोरे का असावे? कोरे नसावेच. वाडीची बाजारगल्लीही भरगच्चच आहे. पण ती गर्दी गल्लीत आहे, पादुकांसमोर नाही. प्रश्न किती मांडले याचा नसून कुठे मांडले याचा आहे.

पावसाळ्यात हा प्रश्न सौंदर्याचा राहत नाही. नदी चढली की पाणी गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या ‘दक्षिणद्वार’ स्नानासाठी लांबलांबून लोक निघतात. आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. म्हणजे क्षेत्र आपला दर्शनक्रम पाण्याबरोबर बदलते. वेबपान मात्र तेच हसरे छायाचित्र दाखवत राहते, आणि खरी सूचना येते ती मजकूर चित्रातच छापलेल्या पत्रकातून. त्यावर कधी तारीख नसते, कधी वेळ नसते, आणि अंधांसाठीचे वाचन-सॉफ्टवेअर अशा चित्रापुढे मुके होते. २००५, २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेल्या शिरोळ तालुक्यात हे परवडणारे नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. अशा दिवशी पानाच्या माथ्यावर आजची पातळी, ती मोजल्याची वेळ, रस्ता चालू की बंद आणि दर्शन कुठे, एवढ्या चारच ओळी हव्यात. बाकी सगळे गल्लीत.

पान चांगले की वाईट हे ठरवायला महागडे साधन लागत नाही. मोबाइल हातभर अंतरावर धरावा आणि डोळे किलकिले करावेत. अक्षरे विरघळल्यावरही जे ठळक उरते, तेच त्या पानाचे खरे म्हणणे. ते सरकते चित्र निघाले, तर पान करणाऱ्याने आपली हौस पुरवली. पुराच्या दिवशीची पातळी निघाली, तर त्याने वाचकाची गरज ओळखली.